हलक्या रेल्वेच्या अहवालातील दोन आकडे: खर्च आणि प्रवासीसंख्या यांवर किती विसंबावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या मध्यम आकाराच्या शहरात सुमारे वीस किलोमीटर लांबीच्या हलक्या रेल्वेचा, म्हणजे ट्रामसारख्या, मेट्रोहून कमी क्षमतेच्या शहरी रेल्वेचा, प्रस्ताव आला आहे, सल्लागारांच्या सविस्तर प्रकल्प अहवालात, म्हणजे डीपीआरमध्ये, बांधकामाचा खर्च आणि रोजची प्रवासीसंख्या असे दोन आकडे ठळकपणे छापले आहेत, त्यांवर कितपत विसंबावे, आणि असे आकडे चुकतात तेव्हा ते अज्ञानाने चुकतात की हेतुपुरस्सर, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात मी पंचवीसहून अधिक वर्षे काम केले आहे, त्यांतील निम्मी प्रवासीसंख्येचे अंदाज बांधण्यात आणि निम्मी इतरांनी बांधलेले अंदाज तपासण्यात गेली. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

जगभरचा अनुभव पाहता, छापलेला खर्च चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढेल आणि छापलेल्या प्रवाशांपैकी निम्मे येतील, असे धरून प्रकल्प तपासावा. यामागे मोजमापे आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय परिवहन खात्यासाठी डॉन पिकरेल यांनी १९८९ साली दहा नागरी रेल्वे प्रकल्पांचे मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यांत हलक्या रेल्वेची चार शहरे होती. बफेलोमध्ये रोज ९२,००० प्रवाशांचा अंदाज होता, आले २९,२००. पिट्सबर्गमध्ये ९०,५०० अपेक्षित होते, आले ३०,६००. पोर्टलंडमध्ये ४२,५०० ऐवजी १९,७००, आणि सॅक्रामेंटोत ५०,००० ऐवजी १४,४००. खर्च पोर्टलंडमध्ये ५५ टक्के, बफेलोत ५१ टक्के आणि सॅक्रामेंटोत १३ टक्के वाढला. पिट्सबर्गमध्ये मात्र तो अंदाजापेक्षा ११ टक्क्यांनी कमी झाला, आणि तरीही प्रवासी एक तृतीयांशच मिळाले. खर्च आटोक्यात ठेवणारी यंत्रणा प्रवासी आणू शकतेच असे नाही, हे त्या एका उदाहरणावरून दिसते.

पुढे डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लिव्बिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील प्रकल्प गोळा केले. ५८ रेल्वे प्रकल्पांमध्ये महागाई वगळूनही खर्च सरासरी ४४.७ टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि ज्या २५ रेल्वे प्रकल्पांची प्रवासीसंख्या तपासता आली त्यांत ती अंदाजापेक्षा सरासरी ५१.४ टक्क्यांनी कमी होती. हे दोन नमुने एकच नाहीत, तरी ढोबळ हिशेबासाठी एकत्र धरले तर खर्च दीडपटीजवळ आणि प्रवासी निम्म्यावर, म्हणजे दर प्रवाशामागे गुंतलेले भांडवल अहवालात दाखवले त्याच्या जवळपास तिप्पट होते. महापालिकेच्या सभागृहात खर्चावर एक दिवस आणि प्रवासीसंख्येवर दुसऱ्या दिवशी चर्चा होते, त्यामुळे हा एकत्रित परिणाम बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे अर्धे उत्तर याच आकड्यांत आहे. केवळ अज्ञान असते तर चुका दोन्ही बाजूंना झाल्या असत्या: काही प्रकल्प स्वस्तात झाले असते, काहींना अपेक्षेहून अधिक प्रवासी मिळाले असते, आणि सरासरी शून्याच्या आसपास आली असती. तसे होत नाही. पिट्सबर्गच्या खर्चासारखे अपवाद सोडले तर दशकामागून दशके चूक एकाच दिशेने होते. त्यामुळे भविष्य कोणाला दिसते, या सबबीने हा विषय सोडून देता येत नाही.

खर्च कुठे वाढतो ते आधी पाहू, कारण हलक्या रेल्वेची अडचण येथे मेट्रोपेक्षा वेगळी आहे. खांबांवरून जाणारी मेट्रो जमिनीला फक्त खांबांच्या पायांशी भिडते. दोन खांबांमधल्या रस्त्याखाली काय आहे याच्याशी तिला फारसे कर्तव्य नसते. रस्त्यावरून धावणारी हलकी रेल्वे किंवा ट्राम मात्र सबंध लांबीभर जमिनीला टेकलेली असते. एकदा रूळ आणि त्याखालची काँक्रीटची पाटी टाकली की खालची जलवाहिनी फुटल्यावर खणता येत नाही, खणायचे तर गाडी बंद ठेवावी लागते. म्हणून मार्गाखाली येणाऱ्या सगळ्या वाहिन्या आधीच बाजूला न्याव्या लागतात. याला आमच्याकडे युटिलिटी शिफ्टिंग म्हणतात, आणि अनेक अहवालांत ते ‘एकूण बांधकामाच्या अमुक टक्के’ अशा एका ओळीत उरकलेले असते.

ती ओळ किती पोकळ असू शकते, हे मी महाराष्ट्रातल्याच एका शहरात एका रात्री पाहिले. मार्गाच्या आखणीवर चाचणी खड्डा घ्यायचा होता. पाणीपुरवठा विभागाच्या नकाशावर त्या जागी साडेचारशे मिलिमीटरची एकच जलवाहिनी दाखवली होती. रात्री साडेअकराला रस्ता अडवून मजुरांनी पहारीने डांबर फोडले. हातभर खाली पिवळ्या पट्टीखाली विजेची केबल लागली. तिच्याखाली विटांच्या थरात आणखी एक जुनी केबल, जिच्यात प्रवाह आहे की नाही हे हजर असलेल्या लाइनमनला सांगता येईना. त्याखाली मातीच्या भाजलेल्या नळांची मलवाहिनी, वाहती. मग एका अंगाला चुन्याच्या जोडकामातले विटांचे कमानदार गटार, ज्याची नोंद कोणत्याही विभागाकडे नव्हती. साडेचारशेची जलवाहिनी त्या खड्ड्यात सापडलीच नाही. ती सव्वातीन मीटर पलीकडे, फुटपाथच्या कडेला निघाली. दोन मीटर खोलीच्या त्या एका खड्ड्याने पूर्ण चौकाचा अंदाज बदलला. सबंध मार्गावर असे खड्डे अवघे अकरा घेतले होते, आणि अहवाल त्यांच्याही आधी मंजूर झालेला होता.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर कशी घडते, याचा सर्वांत नीट नोंदवलेला दाखला म्हणजे स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराची ट्राम. विमानतळापासून शहराच्या मध्यातून लीथ बंदराजवळच्या न्यूहेवनपर्यंत साडेअठरा किलोमीटरचा मार्ग ५४ कोटी ५० लाख पौंडांत बांधायचा असे ठरले, आणि मे २००८ मध्ये मुख्य कंत्राटावर सह्या झाल्या. कल्पना अशी होती की एका कंत्राटदाराने आधी सगळ्या वाहिन्या हलवायच्या, तोवर रेखांकन पुरे व्हायचे, आणि मग रूळ टाकणाऱ्या कंत्राटदाराला मोकळा रस्ता मिळायचा. प्रत्यक्षात सह्या झाल्या तेव्हा रेखांकन अपुरे होते आणि वाहिन्यांचे कामही मागे पडलेले होते. रस्त्याखाली नकाशावर नसलेल्या गोष्टी निघत गेल्या. लीथच्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर तर एका जुन्या चर्चच्या दफनभूमीवरूनच कधी काळी रस्ता रुंद केलेला होता, आणि तिथून सुमारे ४०० मृतांचे अवशेष पुरातत्त्वज्ञांना सन्मानाने बाहेर काढावे लागले.

पण खरी गोम कंत्राटात होती. नगरसेवकांना सांगण्यात आले होते की किमतीचा बहुतांश भाग निश्चित आहे. कंत्राटाच्या एका परिशिष्टात मात्र ती किंमत कोणत्या गृहीतकांवर आधारलेली आहे याची यादी होती, आणि त्यांपैकी एखादे गृहीतक खोटे ठरले तर वाढीव पैसे मागण्याची मुभा कंत्राटदाराला होती. रेखांकन अपुरे असताना आणि वाहिन्या जागच्या जागी असताना त्यांतली कितीतरी गृहीतके सह्या होतानाच डळमळीत होती. शेकडो दावे उभे राहिले, २००९ च्या सुरुवातीला प्रिन्सेस स्ट्रीटवरच काम अडले, आणि मार्च २०११ मध्ये मार हॉल येथे मध्यस्थीची बैठक होऊन प्रकल्प कापण्यात आला. ३१ मे २०१४ रोजी ट्राम धावली ती विमानतळ ते यॉर्क प्लेस एवढीच, म्हणजे १४ किलोमीटर, आणि जाहीर खर्च होता ७७ कोटी ६० लाख पौंड.

येथे एक हिशेब आपण स्वतः करून पाहावा, कारण तो आपल्या शहरातही कामी येईल. वरवर पाहता वाढ ४२ टक्क्यांची दिसते. पण मूळ दर किलोमीटरला सुमारे २ कोटी ९५ लाख पौंड होता आणि अखेरचा दर ५ कोटी ५४ लाख झाला; म्हणजे वाढ ४२ नव्हे, तर ८८ टक्क्यांची आहे. मार्ग तोडला, स्थानके पुढच्या टप्प्यात ढकलली, गाड्यांची संख्या घटवली, की एकूण रक्कम सुसह्य दिसू लागते. कोणत्याही प्रकल्पाची खर्चवाढ तपासताना किलोमीटरमागचा दर आणि मूळ प्रस्तावातून काय काय वगळले याची यादी, या दोन्ही गोष्टी मागाव्यात. लॉर्ड हार्डी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला, तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष खर्च ८३ कोटी ५७ लाख पौंड इतका ठरवला, म्हणजे जाहीर आकड्याहूनही अधिक, आणि मुख्य ठपका नगरपरिषदेनेच स्थापलेल्या प्रकल्प कंपनीवर ठेवला. किंमत निश्चित असल्याचे चित्र दिशाभूल करणारे होते, असा त्या चौकशीचा निष्कर्ष आहे.

मला यात सर्वाधिक खटकते ते असे की याच शहराला आधी सावध केले गेले होते. २००४ साली ब्रिटनमध्ये असा दंडक आला की रेल्वे प्रकल्पाचा मूळ खर्च धरून त्यावर तत्सम जुन्या प्रकल्पांच्या इतिहासानुसार भर घालावी: खर्च ओलांडला जाण्याची शक्यता निम्मी चालत असेल तर ४० टक्के, आणि ती फक्त वीस टक्के हवी असेल तर ५७ टक्के. या पद्धतीचा पहिला प्रत्यक्ष वापर एडिंबरा ट्रामच्याच दुसऱ्या मार्गिकेसाठी झाला. प्रवर्तकांचा आकस्मिक तरतुदीसह ३२ कोटी पौंडांचा अंदाज होता. तपासणाऱ्यांनी सांगितले की ऐंशी टक्के खात्री हवी असेल तर ४० कोटी धरा. ज्ञान उपलब्ध होते. पुढे याच शहराने उरलेला न्यूहेवनपर्यंतचा टप्पा हाती घेतला तेव्हा एकाच रस्त्यावर दोनदा खणायचे नाही, वाहिन्या आणि रूळ यांचे काम रस्ता एकदाच बंद करून उरकायचे, अशी पद्धत ठेवली. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या २० कोटी ७३ लाख पौंडांच्या अंदाजावर उभा राहिलेला तो टप्पा जून २०२३ मध्ये सुरू झाला. सिडनीत जॉर्ज स्ट्रीटखालच्या वाहिन्यांनी हाच धडा ऑस्ट्रेलियाला शिकवला: २०१२ मध्ये १.६ अब्ज डॉलरचा म्हणून जाहीर झालेला प्रकल्प ३ अब्जांच्या पुढे गेला.

विलंबाचा भाग वेगळा. आपल्याकडे डीपीआरमध्ये दरवर्षी पाच टक्के भाववाढ धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने काम तीन वर्षे लांबले तर एकही वीट जास्त न लावता खर्च सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, आणि पाच वर्षे लांबले तर २८ टक्क्यांनी. भूसंपादन आणि रेल्वेची परवानगी हे विलंबाचे नेहमीचे दोन दरवाजे आहेत. एवढे सांगून पुढे जातो.

आता प्रवासीसंख्या. येथे मुंबईची मोनोरेल डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगी आहे. मोनोरेल ही काटेकोर अर्थाने हलकी रेल्वे नव्हे, पण क्षमता, वेग आणि दोन स्थानकांमधील अंतर पाहता ती त्याच गटात बसते. नोव्हेंबर २००८ मध्ये तिचे कंत्राट दिले गेले. चेंबूर ते वडाळा हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि वडाळा ते संत गाडगे महाराज चौक हा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. सुमारे वीस किलोमीटरच्या या मार्गावर रोज एक लाखाहून अधिक प्रवाशांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात संख्या वीस हजारांच्या आत रेंगाळली.

याचे कारण ‘मुंबईकरांना मोनोरेल आवडली नाही’ असे सांगितले जाते. ते मला पटत नाही. पहिल्या टप्प्याचा मार्ग पाहा: भक्ती पार्क, म्हैसूर कॉलनी, भारत पेट्रोलियम, फर्टिलायझर टाउनशिप. तेलशुद्धीकरण कारखाने आणि खतकारखान्याची आवारे यांच्या कडेने जाणाऱ्या मार्गावर दोन्ही बाजूंना फारशी माणसे राहत नाहीत, आणि स्थानकाच्या पाचशे मीटरच्या वर्तुळाचा मोठा भाग कुंपणभिंतींच्या आत जातो. त्यात सुरुवातीला गाडी सकाळी सात ते दुपारी तीन एवढ्याच वेळात धावत होती. सकाळी कामावर नेणारी आणि संध्याकाळी परत न आणणारी गाडी रोजच्या प्रवाशाच्या उपयोगाची नसते. वेळ पुढे वाढवली गेली, पण पहिली सवय जडण्याचे दिवस निघून गेले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकात डब्यांना आग लागून सेवा सप्टेंबर २०१८ पर्यंत बंद राहिली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाड्या कमी होत्या.

गाड्या कमी असण्याचा अर्थ आकड्यांत मांडतो. वीस किलोमीटरच्या मार्गावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला पंचेचाळीस मिनिटे आणि टोकाला वळून सज्ज व्हायला सात-आठ मिनिटे धरली, तर एका गाडीची पूर्ण फेरी सुमारे १०६ मिनिटांची होते. सहा गाड्या चालू असतील तर दर अठरा मिनिटांनी एक गाडी येते. ती दर चार मिनिटांनी यायची असेल तर सत्तावीस गाड्या लागतात, शिवाय दुरुस्तीसाठी राखीव वेगळ्या. प्रवासी येत नाहीत म्हणून गाड्या घेत नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणून प्रवासी येत नाहीत, असे हे चक्र आहे.

प्रवाशाच्या मनात हे कसे उतरते तेही पाहावे. उभे राहून वाट पाहणे आणि चालणे हा वेळ माणसाला गाडीत बसलेल्या वेळेच्या साधारण दुप्पट जड वाटतो; प्रवासीसंख्येच्या गणितात हे सर्वमान्य आहे. अहवालात धरले जाते की प्रवासी पाच मिनिटे चालेल, दर तीन मिनिटांनी गाडी असल्याने सरासरी दीड मिनिट थांबेल आणि पंधरा मिनिटे प्रवास करेल. जड वेळ दुप्पट धरून हा प्रवास २८ मिनिटांचा ठरतो. शेअर रिक्षाला दोन मिनिटे चालणे, तीन मिनिटे थांबणे आणि अठ्ठावीस मिनिटे प्रवास, म्हणजे ३८. रेल्वे सहज जिंकते, आणि संगणकातले प्रारूप, म्हणजे प्रवाशांचा अंदाज बांधणारे गणिती मॉडेल, हजारो प्रवासी तिच्या बाजूला टाकते. आता खरी स्थिती भरा: जिना चढणे-उतरणे आणि रस्ता ओलांडणे धरून दहा मिनिटे, अठरा मिनिटांनी गाडी म्हणून सरासरी नऊ मिनिटांची वाट, प्रवास तोच पंधरा मिनिटांचा. बेरीज येते ५३. गाडीचा वेग एका किलोमीटरनेही कमी झालेला नाही, तरी प्रवासी रिक्षात बसलेला आहे.

तो प्रवासी शहरातच असतो, याची आठवण १९ ऑगस्ट २०२५ रोजी फार कठीण रीतीने झाली. मुसळधार पावसाने हार्बर मार्ग बंद पडला, लोक मोनोरेलकडे वळले, १०४ टन भारासाठी बनलेली गाडी सुमारे १०९ टनांपर्यंत भरली, तिचा वीजपुरवठा तुटला आणि उंचावर अडकलेल्या सुमारे ५८० प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्यांवरून उतरवले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये सुधारणांसाठी सेवा थांबवण्यात आली. ज्या मार्गाला प्रवासी नाहीत म्हणून नावे ठेवली गेली, त्याच्या फलाटावर त्या दिवशी माणसे मावत नव्हती. त्यांना वाहून नेण्याइतक्या गाड्या मात्र नव्हत्या.

शहर ज्या दिशेने वाढेल असे अहवालात धरले जाते त्या दिशेने ते न वाढणे, हे तुटीचे दुसरे मोठे कारण. बफेलोची लोकसंख्या १९७० मध्ये ४ लाख ६२ हजार होती आणि १९९० मध्ये ३ लाख २८ हजारांवर आली; शिवाय विद्यापीठाचा नवा परिसर ज्या अ‍ॅमहर्स्ट उपनगरात उभा राहिला तिथपर्यंत रेल्वे कधी पोहोचलीच नाही. इंग्लंडमधील शेफील्डची ट्राम ज्या मोठ्या वसाहतींसाठी आखली होती, त्यांतली केल्विनची सदनिकांची वसाहत ट्राम सुरू होता होताच पाडली गेली; आणि बससेवा १९८६ पासून खुल्या स्पर्धेत असल्याने बसगाड्या त्याच रस्त्यांवर ट्रामशी झुंजत राहिल्या. सुमारे २४ कोटी पौंड खर्चून उभारलेली ती सेवा १९९७ मध्ये साडेअकरा लाख पौंडांना खासगी कंपनीच्या हाती गेली. शेजारच्या मँचेस्टरने मात्र १९९२ मध्ये बरी आणि ऑल्ट्रिंगॅम या चालू उपनगरी लोहमार्गांनाच हलक्या रेल्वेचे रूप दिले आणि मधला शहरातला तुकडा रस्त्यावरून जोडला. प्रवासी आधीपासून होते, त्यांची सोय वाढली. दोन शहरांत साठ किलोमीटरचे अंतर, काळ जवळपास एकच. फरक पडला तो कोणत्या रस्त्याने न्यायचे या निवडीमुळे.

आता हेतूकडे वळतो. आपल्या देशात २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार प्रकल्पाचा आर्थिक परतावा, म्हणजे समाजाला होणारा एकूण लाभ धरून काढलेला दर, किमान १४ टक्के असावा लागतो. या लाभातला मोठा हिस्सा प्रवाशांच्या वाचलेल्या वेळेचा असतो, म्हणून परतावा बहुतांशी प्रवासीसंख्येवर उभा असतो. उमेदीच्या काळात, हे धोरण येण्याच्या पुष्कळ आधी, एका शहराच्या अहवालावर मी काम करत होतो आणि परतावा तेव्हाच्या निकषाला दीड टक्का कमी पडत होता. बैठकीत कोणी ‘आकडा वाढवा’ असे म्हटले नाही. विचारले गेले ते इतकेच, की पूरक, म्हणजे स्थानकापर्यंत आणून सोडणारी, बससेवा कितपत धरली आहे? मी सध्याची धरली होती. ‘महापालिका नव्या बस घेणारच आहे, त्या धरा.’ बसची संख्या वाढवली, चालण्याचे अंतर घटले, प्रवासी वाढले, परतावा निकषाच्या वर गेला. प्रत्येक बदलाला कारण होते आणि प्रत्येक कारण कागदावर खरे वाटत होते. त्या बस आजतागायत आलेल्या नाहीत. त्या अहवालावर माझी सही आहे, आणि तेव्हापासून मी गृहीतकांचा तक्ता आधी वाचतो, सारांश नंतर. लबाडी की अज्ञान या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की एखादा माणूस खोटे बोलतो असे क्वचितच घडते. पण सल्लागाराला पुढचे काम हवे असते, शहराला केंद्राचा निधी हवा असतो, आणि अंदाज कोसळल्यावर कोणालाच काही भोगावे लागत नाही, तेव्हा प्रत्येक शंकेचा निकाल आशेच्या बाजूने लागतो.

न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून शेवटचा निकाल देणे चूक आहे. पुण्याच्या मेट्रोचे मार्च २०२२ मध्ये दोन तुटक तुकडे सुरू झाले तेव्हा त्या प्रवासीसंख्येची थट्टा झाली; ऑगस्ट २०२३ मध्ये सिव्हिल कोर्टाला दोन्ही मार्गिका जोडल्या गेल्या आणि संख्या कैक पटींनी वाढली. पोर्टलंडचे जाळेही पुढे विस्तारले. एडिंबरामध्ये सारा मनस्ताप खर्चाचा झाला, प्रवासी मात्र सुरुवातीच्या वर्षांत वाढत गेले. म्हणून तुलना करताना अंदाज कोणत्या वर्षासाठी आणि किती लांबीच्या जाळ्यासाठी होता, हे आधी पाहावे.

आपल्या शहरापुरते सांगायचे तर हरकती आणि सूचनांच्या मुदतीत लेखी अर्ज देऊन डीपीआरची परिशिष्टे मागा. सारांशावर चर्चा करून हाती काही लागत नाही. प्रवासीसंख्येच्या परिशिष्टात चार ओळी शोधा: गर्दीच्या वेळी गाडी दर किती मिनिटांनी धरली आहे, तेवढ्यासाठी लागणाऱ्या गाड्या पहिल्या दिवसापासून खरेदीच्या यादीत आहेत का, पूरक बस किती धरल्या आहेत आणि त्यांची तरतूद महापालिकेच्या कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आहे, आणि मार्गालगतची लोकसंख्या कोणत्या दराने वाढेल असे मानले आहे. मग सल्लागारांना विचारा की पूरक बस आजच्याच राहिल्या आणि गाडी दर बारा मिनिटांनी आली तर प्रवासी किती? हे गणित त्यांच्या प्रारूपात पुन्हा फिरवायला एक दिवस पुरतो. तो आकडा द्यायला टाळाटाळ झाली तर तीही नोंदवून ठेवावी.

खर्चाच्या बाजूने आग्रह धरावा तो चाचणी खड्ड्यांचा. दर दोनशे मीटरला एक आणि प्रत्येक मोठ्या चौकात किमान दोन, असे धरले तर वीस किलोमीटरला दीडशेच्या आसपास खड्डे होतात. प्रकल्पाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि एका उन्हाळ्यात काम उरकते. हे खड्डे निविदेच्या आधी व्हावेत, कारण निविदेनंतर सापडलेली प्रत्येक वाहिनी दाव्याच्या रूपाने परत येते. मंजुरीसाठी मांडलेल्या रकमेवर ५७ टक्के भर घालून तोच परताव्याचा हिशेब पुन्हा मागा. भर घालूनही प्रकल्प उभा राहत असेल तर माझा त्याला मनापासून पाठिंबा असेल.

आणि एक गोष्ट शहर उद्यापासून करू शकते. ज्या रस्त्यावरून रेल्वे न्यायची आहे, त्याच रस्त्यावर, त्याच थांब्यांवर, सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत दर पाच मिनिटांनी बस वर्षभर चालवावी आणि शक्य तिथे तिला स्वतंत्र मार्गिका द्यावी. अशी बस रेल्वेइतकी वेगवान नसेल, म्हणून तिचे प्रवासी हा रेल्वेचा तळाचा आकडा समजावा. तीस बस आणि त्यांचे चालक-वाहक एवढ्यावर हे भागते. वर्षाअखेरीस हाती येणारी मोजणी अहवालातल्या आकड्याशेजारी ठेवून मग सभागृहात मतदान व्हावे, अशी सूचना आपण आपल्या नगरसेवकांमार्फत लेखी द्यावी.